जवळ किती, बाजूला काय: घरच्या अंतरमापकासाठी ट्रान्सड्यूसर निवडताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘अल्ट्रासॉनिक सेन्सर द्या’ म्हटले की दुकानदार पुढे काही विचारत नाही. निळ्या पट्टीवर दोन चंदेरी डबे बसवलेले एचसी-एसआर०४ हे मॉड्यूल तो काउंटरवर ठेवतो. शे-दीडशे रुपयांत काम होते आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापुरते ते छान चालतेही. पण ज्याला खरोखर वापरायचा अंतरमापक घरी बांधायचा आहे, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतले पाणी मोजायचे आहे, खोलीची लांबी घ्यायची आहे किंवा चालत्या गाडीला अडथळा दाखवायचा आहे, त्याने इथे थोडे थांबावे. मॉड्यूलचा मेंदू कोणताही असला तरी मापाची लायकी ठरते ती त्या चंदेरी डब्यांवर, म्हणजे ट्रान्सड्यूसरवर. हे डबे अनेक जातींचे असतात आणि एका जातीचे गुण दुसरीत सापडत नाहीत.

माहितीपत्रकात सगळ्यांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते: कमाल पल्ला. चार मीटर, सहा मीटर, दहा मीटर. माझे स्पष्ट मत असे की घरगुती कामात हा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. टाकी मीटर-दीड मीटर खोल असते, खोली चार मीटरांची असते. लांबचे ऐकू येत नाही म्हणून अंतरमापक फसल्याची उदाहरणे थोडी. जवळचे दिसत नाही म्हणून, किंवा बाजूच्या भलत्याच वस्तूचा प्रतिध्वनी आधी आला म्हणून फसलेलेच जास्त. त्यामुळे निवड करताना पहिले दोन प्रश्न असे हवेत: सर्वांत जवळचे माप किती घ्यायचे आहे, आणि मोजायच्या वस्तूच्या आजूबाजूला काय काय आहे? कोणता ट्रान्सड्यूसर घ्यायचा हे जवळजवळ सगळे या दोन उत्तरांवरून ठरते.

हिशेबाची पायाभरणी आधी करून घेऊ. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. आवाजाने जाऊन परत यायचे, म्हणून एका सेंटिमीटर अंतराला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. ४० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ८.६ मिलिमीटर असते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण झोत किती रुंद, माप किती बारीक आणि कोणत्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी कसा येणार, हे सगळे त्यावरून निघते.

बाजारात बहुतेक डबे ४० किलोहर्ट्झचेच का, याचे उत्तर हवेच्या स्वभावात आहे. हवा उच्च वारंवारतेचा आवाज झपाट्याने गिळते. सर्वसाधारण तापमान आणि आर्द्रता धरली तर ४० किलोहर्ट्झचा आवाज मीटरमागे अंदाजे १.३ डेसिबल गमावतो; २०० किलोहर्ट्झचा सात-आठ डेसिबल. चार मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन येणे म्हणजे आठ मीटरांचा प्रवास. पहिल्याचे त्यात दहा-अकरा डेसिबल जातात, दुसऱ्याचे साठ. उलट वारंवारता खाली आणली तर पल्ला वाढतो, पण तरंगलांबी मोठी होते आणि आवाज माणसाच्या कानाच्या हद्दीजवळ येतो. २५ किलोहर्ट्झचे डबे मिळतात, मोठ्या आवारात ते दूरवर पोचतात. मात्र कुत्र्याला हा आवाज स्वच्छ ऐकू येतो. घरात कुत्रे असेल तर दिवसभर टिकटिकणारा २५ किलोहर्ट्झचा मापक बसवू नये, असे मला मनापासून वाटते. मांजराचे कान तर साठ किलोहर्ट्झच्याही पुढे पोचतात, त्यामुळे त्याच्यापुढे ४० किलोहर्ट्झलाही लपता येत नाही. तिथे मापे कमी वेळा घेणे एवढेच हातात असते.

४० किलोहर्ट्झला इतिहासाचाही आधार आहे. १९५६ साली झेनिथ कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांनी घडवलेला टीव्हीचा रिमोट बाजारात आणला. त्यात बॅटरी नव्हती. बटण दाबले की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर पडे आणि श्राव्यातीत सूर निघे. पुढे रिमोट आणि चोरघंटा यांच्यासाठी पिएझो चकतीचे स्वस्त डबे लाखोंनी बनू लागले. इन्फ्रारेडने रिमोटचे काम हिरावून घेतले, तरी डबे टिकले, आणि आज हौशी माणसाच्या हाती येतात ते त्यांचेच वंशज.

डबा आतून कसा असतो हे एकदा तरी पाहावे. खराब झालेल्या १६ मिलिमीटरच्या डब्याची जाळी चिमट्याने उचलली की आत नाण्यापेक्षा लहान चकती दिसते. खाली धातूचा पातळ पत्रा, त्याला चिकटवलेली पिएझो सिरॅमिकची चकती, आणि मधोमध गोंदाच्या थेंबाने चिकटवलेला ॲल्युमिनियमचा चिमुकला शंकू. सिरॅमिकवर विद्युतदाब दिला की ते आडवे पसरते वा आकसते. पत्रा तसे करत नाही, म्हणून दोघे मिळून वाकतात. काही पदार्थांवर दाब दिला की वीज निघते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले होते. इथे तीच गोष्ट दोन्ही दिशांनी वापरली जाते. शंकूचे काम चकतीची थरथर जास्तीत जास्त हवेला पोचवण्याचे. सिरॅमिक हा कठीण, जड पदार्थ आणि हवा अत्यंत विरळ. दोघांच्या ध्वनिरोधात सत्तर हजार पटींहून जास्त फरक आहे. वाकणारा पातळ पत्रा आणि हलका शंकू ही दरी काही अंशी भरून काढतात. या रचनेला ‘ओपन टाइप’ म्हणतात. दहा व्होल्टला ३० सेंटिमीटरवर ती सुमारे १२० डेसिबल आवाज काढते, आणि एवढ्या किमतीत एवढा आवाज दुसरी कोणतीही जात देत नाही.

हे डबे जोडीने मिळतात. पाठीवर एकावर ‘टी’ आणि दुसऱ्यावर ‘आर’ लिहिलेले असते: पहिला बोलणारा, दुसरा ऐकणारा. दिसायला दोघे तंतोतंत सारखे, म्हणून अनेक जण कोणताही कुठेही लावतात. चालते, पण अर्धवट. प्रत्येक पिएझो चकतीला शेजारी शेजारी दोन अनुनाद असतात. एका वारंवारतेला तिचा विद्युतरोध सर्वांत कमी होतो, तिथे ती जोरात बोलते. किंचित वरच्या वारंवारतेला रोध सर्वांत जास्त होतो, तिथे ती कानावर पडलेल्या आवाजाचे सर्वांत जास्त व्होल्ट करते. कारखान्यात ‘टी’ डब्याचा पहिला अनुनाद ४० वर आणतात आणि ‘आर’ डब्याचा दुसरा. अदलाबदल झाली की दोघेही आपल्या शिखरावरून घसरतात.

शाई पुसली असेल तरी हे घरी तपासता येते. डब्याशी एकसर एक किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, आर्डुइनोच्या टायमरमधून चौकोनी लहर द्यावी आणि वारंवारता हळूहळू बदलत डब्याच्या दोन पायांमधली लहर ऑसिलोस्कोपवर पाहावी. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळात ४०० ठोक्यांची एक लहर म्हणजे बरोबर ४० किलोहर्ट्झ. एकेक ठोका कमी-जास्त केला की वारंवारता ०.१ किलोहर्ट्झने सरकते. ३८ पासून वर जाताना दाब एका ठिकाणी खड्ड्यात जातो आणि थोडे पुढे टेकडी चढतो. खड्डा ४० जवळ सापडला तर तो बोलणारा, टेकडी ४० जवळ सापडली तर तो ऐकणारा. याच चाचणीत दुसरी मोलाची गोष्ट कळते: तुमच्या हातातल्या दोन डब्यांची शिखरे एकमेकांवर खरेच येतात का? पत्रकावर ४० अधिक-उणे १ किलोहर्ट्झ असे लिहिलेले असते आणि डब्याचा उपयोगी पट्टा जेमतेम दोन किलोहर्ट्झचा असतो. म्हणजे एक ३९.२ ला आणि दुसरा ४०.८ ला असला तर दोघेही पत्रकाप्रमाणे निर्दोष, तरी जोडी म्हणून निकामी. शक्य असेल तर चार-पाच जोड्या घेऊन त्यांतून जुळणारी निवडावी.

आता जवळच्या मापाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. देवळातली घंटा वाजवल्यावर हात काढला तरी ती वाजत राहते, ट्रान्सड्यूसरचेही तसेच. एचसी-एसआर०४ आठ लहरींची हाक देते. त्या हाकेला २०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नुसती हाक संपेपर्यंत साडेतीन सेंटिमीटरचा प्रतिध्वनी दारात आलेला असतो. त्यानंतर चकती थरथरत राहते ती वेगळीच. ढोबळ हिशेब करून पाहा. अनुनादाचा गुणांक २० धरला तर थरथर दर ०.१६ मिलिसेकंदाला सुमारे ६३ टक्क्यांनी कमी होते. हाक २० व्होल्टची आणि परत येणारा प्रतिध्वनी त्याच्या लाखाव्या हिश्श्याचा, म्हणजे २०० मायक्रोव्होल्टचा असला, तर थरथर तेवढी खाली यायला जवळजवळ १.८ मिलिसेकंद लागतात. अंतरात सांगायचे तर ३१ सेंटिमीटर. एकाच डब्याने बोलायचे आणि ऐकायचे असेल तर अशी आंधळी पट्टी, कमी-जास्त असली तरी, कुणालाच चुकत नाही. जेएसएन-एसआर०४टी या एकाच डब्याच्या जलरोधक मॉड्यूलवर किमान अंतर २० ते २५ सेंटिमीटर लिहिलेले असते त्यामागे हेच गणित आहे. प्रोग्राम कितीही सुधारला तरी थरथरत्या कानाला ऐकू येणार नाही.

दोन डबे वेगळे ठेवले की ही अडचण बरीच सुटते. बोलणारा थरथरत असला तरी ऐकणारा शांत असतो, म्हणून दोन सेंटिमीटरपर्यंत जाता येते. पण दोघांच्या मधून आवाजाची गळती होते, हवेतून कमी आणि बोर्डातून व डब्याच्या कडांतून जास्त. म्हणून दोन्ही डबे कडक भोकात घट्ट बसवू नयेत. मऊ रबराचे कडे किंवा फोमची पट्टी मध्ये घालावी. हे काम दोन रुपयांचे आहे, पण जवळच्या मापात त्याइतका फरक महागड्या ॲम्प्लिफायरनेही पडत नाही.

एक डबा की दोन, हे ठरवताना ओलाव्याचा विचार सुटत नाही. ओपन टाइपच्या जाळीतून वाफ आत जाते, शंकूवर थेंब बसतो, अनुनाद सरकतो, आणि काही महिन्यांत पत्र्याला गंज चढतो. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाखाली तर उन्हाळ्यात कायम घाम असतो. तिथे ‘क्लोज्ड टाइप’ हवा: ॲल्युमिनियमची वाटी, तिच्या तळाला आतून चिकटवलेली सिरॅमिक चकती, मागून सील. गाडीच्या बंपरमध्ये असतो तो हाच. पाणी, चिखल, ऊन सगळे तो सोसतो. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. वाटीचा जाड तळ थरथरवायला जास्त विद्युतदाब लागतो, म्हणून बारीक ट्रान्सफॉर्मर लावून शंभर व्होल्टच्या आसपास किंवा अधिक दाब द्यावा लागतो. आणि एकदा थरथरायला लागला की तो लवकर थांबत नाही.

गाडीच्या सेन्सरविषयी आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्यांचा झोत गोल नसतो, आडवा रुंद आणि उभा अरुंद असतो. बंपरसमोरचे माणूस दिसावे, पण रस्ता दिसू नये, म्हणून वाटीचा आतला खोबणीचा आकार मुद्दाम लांबट ठेवलेला असतो. टाकीत लावताना तो कोणत्या दिशेने फिरवला आहे यावर वाल्वच्या दांडीचा खोटा प्रतिध्वनी येणार की नाही हे ठरते. अरुंद बाजू दांडीकडे ठेवावी. स्पेअर म्हणून मिळणाऱ्या पार्किंग सेन्सरमध्येही दोन जाती असतात: दोन तारांचा म्हणजे नुसता ट्रान्सड्यूसर, तर तीन तारांचा म्हणजे आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेला, जो गाडीच्या संगणकाशीच बोलतो. आपल्याला पहिला हवा. त्याची वारंवारता ४० च असेल असे गृहीत धरू नये. ४८ आणि ५८ किलोहर्ट्झचेही असतात. वरची रेझिस्टरची चाचणी इथेही उपयोगी पडते.

टाकीचाच विचार पुढे नेला तर मूळ दोन प्रश्नांचे महत्त्व पटते. बहुतेक प्लास्टिकच्या टाक्या तोंडापर्यंत भरतात. भरलेल्या पाण्यापासून झाकण दहा-पंधरा सेंटिमीटरवर असते. २५ सेंटिमीटर आंधळी पट्टी असलेला सेन्सर झाकणाला लावला तर टाकी भरत येते तेव्हा, म्हणजे पंप बंद करायचा नेमका क्षण आला की, तो काहीही आकडा दाखवतो. सहा मीटरचा पल्ला अशा वेळी काय कामाचा? दोनच मार्ग आहेत. एक तर झाकणावर आखूड पाइप बसवून सेन्सर वर उचलावा. पाइप आतून गुळगुळीत, सांध्याची कड नसलेला असावा, नाहीतर प्रत्येक कड स्वतःचा प्रतिध्वनी पाठवते. किंवा ए०२वायवाययूडब्ल्यूसारखे जलरोधक मॉड्यूल घ्यावे, जे तीन सेंटिमीटरपासून मोजते. टाकीसाठी मी डोळे मिटून दुसरा पर्याय घ्यायला सांगेन, महाग असला तरी.

झोताच्या रुंदीबद्दल आता नीट बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. एचसी-एसआर०४ च्या माहितीपत्रकात १५ अंश असे छापलेले असते, त्यामुळे लोकांना वाटते की त्या चिंचोळ्या शंकूबाहेरचे काही ऐकूच येत नाही. १६ मिलिमीटरच्या डब्याचे स्वतःचे पत्रक पाहावे: निम्म्या दाबापर्यंतचा पूर्ण कोन सुमारे ५५ अंश. दहा मिलिमीटरच्या छोट्या डब्याचा, उदाहरणार्थ मुराताच्या एमए४०एस४ चा, ८० अंश. ५५ अंशांचा झोत दोन मीटरवर दोन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. समोरच्या भिंतीऐवजी बाजूच्या कपाटाची कड आधी बोलली, तर सेन्सरने चूक केलेली नसते; त्याने सर्वांत जवळचा आवाज ऐकलेला असतो. प्रतिध्वनी अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स मोराव्हेक आणि आल्बर्तो एल्फेस यांनी १९८५ मध्ये रोबोसाठी शक्यतांच्या चौकटींचा नकाशा बनवण्याची पद्धत मांडली, ती या अडचणीतूनच. एकेक प्रतिध्वनी संदिग्ध असतो, पण अनेक जागांहून घेतलेली मापे एकत्र केली की चित्र स्पष्ट होते.

झोत अरुंद करायचे नियम सोपे आहेत: तोंड मोठे करा किंवा तरंगलांबी लहान करा. घरच्या घरी पहिला उपाय सोयीचा. चाळीस मिलिमीटर तोंडाचा जाड पुठ्ठ्याचा किंवा थ्री-डी छपाईचा भोंगा डब्यापुढे नीट बसवला तर कागदावरच्या गणिताने झोत सतरा-अठरा अंशांवर येतो आणि पल्लाही वाढतो, कारण तेवढाच आवाज कमी जागेत जातो. खोलीची मापे घेण्यासाठी मिळणाऱ्या हातातल्या अल्ट्रासॉनिक मीटरांच्या तोंडाशी भोंगा असतो तो यासाठीच. त्यांतल्या काहींवर लाल लेसरचा ठिपकाही असतो. तो फक्त नेम दाखवतो. माप आवाजानेच होते. खऱ्या लेसर मीटरशी त्याची गल्लत करू नये. भिंत ते भिंत असे खोलीचे काटेकोर माप हवे असेल तर माझ्या मते लेसरच घ्यावा. अल्ट्रासॉनिकचा खरा अधिकार पाणी, काच, पारदर्शक वस्तू, अंधार आणि धूळ यांच्यावर आहे.

आणि रुंद झोत हा नेहमी दोष नसतो. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्टकेन ही अंधांसाठीची काठी २०१४ मध्ये लोकांसमोर आली. गुडघ्याच्या वरचे अडथळे, म्हणजे पांढऱ्या काठीला न लागणारी लोंबती फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागचा भाग, ती तीन मीटरपर्यंत अल्ट्रासॉनिकने ओळखते आणि मुठीत थरथर देते. तिथे अरुंद झोत लावला तर बाजूची फांदी सुटेल आणि माणसाला लागेल. काम काय आहे यावरून गुण कोणता आणि दोष कोणता हे ठरते.

उच्च वारंवारतेच्या जाती घरगुती वापरात क्वचित येतात. २०० किलोहर्ट्झच्या आसपासचे ट्रान्सड्यूसर वाकणाऱ्या पत्र्यावर नव्हे, सिरॅमिकच्या ठोकळ्यावर बांधतात आणि त्यापुढे हवेशी जुळवून घेणारा हलक्या पदार्थाचा थर लावतात. झोत चिंचोळा, थरथर लवकर थांबते, माप बारीक. पण पल्ला मीटर-दीड मीटरचा आणि किंमत हौशी खिशाबाहेरची. कारखान्यात बाटलीतली पातळी तपासायला ते उत्तम. सिलिकॉनवर कोरलेले अतिसूक्ष्म ट्रान्सड्यूसर मात्र लक्ष ठेवण्यासारखे आहेत. टीडीकेच्या सीएच१०१ ची चिप साडेतीन मिलिमीटर चौरस आहे, १७५ किलोहर्ट्झला चालते आणि सव्वा मीटरच्या आसपास मोजते. त्याला हाताने डाग देणे अवघड आहे, म्हणून तयार बोर्डावरचाच घ्यावा.

एका जुन्या जातीवर माझा जीव आहे. १९७८ मध्ये पोलरॉइडने एसएक्स-७० कॅमेऱ्यात आवाजाने अंतर मोजून आपोआप फोकस करण्याची सोय दिली. त्यातला ट्रान्सड्यूसर पिएझो नव्हताच. खोबणी पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा अतिपातळ पडदा ताणलेला, आणि दोहोंमध्ये दीडशे व्होल्टचा स्थिर दाब. पडदा जवळजवळ हवेइतकाच हलका, त्यामुळे अनुनादाचा आग्रह नाही आणि थरथरही रेंगाळत नाही. एका मिलिसेकंदाच्या हाकेत तो ६०, ५७, ५३ आणि ५० अशा चार वारंवारता बोलत असे, कारण एखाद्या वस्तूवरून एका वारंवारतेचे प्रतिध्वनी परस्परांना मारून टाकत असतील तर दुसरी परत यावी. पिएझो डब्याच्या दोन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हे शक्यच नाही. पुढे हा ट्रान्सड्यूसर ६५०० या मॉड्यूलबरोबर सुटा मिळू लागला, १५ सेंटिमीटरपासून दहा मीटरांच्या पुढेपर्यंत मोजू लागला आणि ऐंशीच्या दशकातल्या रोबोंचा डोळा बनला. बदलत्या वारंवारतेची लांब हाक देऊन गणिताने प्रतिध्वनी शोधायचे प्रयोग करायचे असतील तर आजही या स्थिरविद्युत जातीला तोड नाही. मात्र दाब चारशे व्होल्टपर्यंत जातो आणि पडद्याला बोटाचे नखही सोसत नाही. नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये.

कोणत्याही जातीत अचूकतेचा एक गुंता राहतोच. अनुनादी डब्याचा प्रतिध्वनी एकदम उसळत नाही, लहरीमागून लहर वाढत जातो. साधे सर्किट ठरावीक उंची ओलांडल्यावर घड्याळ थांबवते. जवळची भिंत दुसऱ्या-तिसऱ्या लहरीला ती उंची गाठते, दूरचा पडदा पाचव्या-सहाव्या लहरीला. प्रत्येक चुकलेली लहर मापात ४.३ मिलिमीटरची भर घालते. म्हणून स्थिर वस्तूचा आकडाही कधी कधी चार-साडेचार मिलिमीटरच्या उड्या मारताना दिसतो. यावर उपाय ट्रान्सड्यूसर बदलण्याचा नाही. अंतरानुसार वाढत जाणारे प्रवर्धन ठेवावे किंवा प्रतिध्वनीची पूर्ण लहर नोंदवून तिची सुरुवात शोधावी.

तापमानाची चूक याहून मोठी. आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटरने वाढतो. २० अंश धरून लिहिलेला प्रोग्राम नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना चालवला तर तीन मीटर अंतर जवळजवळ तेरा सेंटिमीटरने कमी दिसेल. मीटरभर व्यासाच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास आठ लिटर. मीटरभर अंतरातली चार सेंटिमीटरची चूक म्हणजे बत्तीस-पस्तीस लिटरांचा हिशेब चुकला. डीएस१८बी२० सारखा तापमापक लावावा, पण तो बाहेर नव्हे तर टाकीतल्या हवेत, आणि उन्हात तापलेल्या झाकणाला चिकटलेला नसावा. जागा असेल तर आणखी चांगली युक्ती आहे: ठरलेल्या अंतरावर एक जाडसर दांडी कायमची आडवी ठेवावी. तिचा प्रतिध्वनी किती वेळात येतो यावरून त्या क्षणीचा वेग थेट मिळतो, तापमान, आर्द्रता सगळ्यासकट. अर्थात त्यासाठी दांडी आंधळ्या पट्टीच्या पलीकडे हवी, म्हणजे पुन्हा ‘जवळ किती’ हा प्रश्न आलाच.

वस्तूचा पृष्ठभागही पाहावा. साडेआठ मिलिमीटरच्या तरंगलांबीला रंगवलेली भिंत, काच, शांत पाणी हे सगळे आरसेच. समोरासमोर असतील तर उत्तम, वीस-पंचवीस अंशांनी कलले तर प्रतिध्वनी दुसरीकडे निघून जातो. पडदे, गाद्या, लोकरीचे कपडे आवाज शोषतात. अशा ठिकाणी मोठ्या आवाजाचा १६ मिलिमीटरचा ओपन टाइप दहाच्या डब्यापेक्षा निश्चित सरस.

काही वस्तूंवर नाव तेच असते, पण त्या आपल्या कामाच्या नसतात. सराफाकडे दागिने धुण्याच्या यंत्राखाली असतात ते ५०-६० वॅटचे जड ट्रान्सड्यूसरही ४० किलोहर्ट्झचे असतात. ते द्रवाला थरथरवण्यासाठी बनवलेले. हवेत त्यांचा आवाज नीट उतरत नाही आणि थरथर थांबता थांबत नाही. धुके करणाऱ्या यंत्रातल्या पिएझो चकत्या आणि बझर यांचेही तसेच. ऑनलाइन मागवताना फक्त वारंवारता पाहून बटण दाबू नये. चित्रात जाळीचा डबा किंवा ॲल्युमिनियमची वाटी दिसते का, आणि पत्रकात ३० सेंटिमीटरवरचा ध्वनिदाब दिला आहे का, हे पाहावे. तो आकडा असेल तर माल हवेसाठीचा आहे.

सुटे डबे घेऊन स्वतः सर्किट बांधणाऱ्याने पाच व्होल्टवर समाधान मानू नये. ७४एचसी०४ च्या फाटकांनी डब्याचे दोन पाय आळीपाळीने उलटसुलट चालवले तर दहा व्होल्टची झूल मिळते. सिरीयल पोर्टसाठी बनलेली मॅक्स२३२ सारखी चिप वीसपर्यंत नेते. एचसी-एसआर०४ च्या पाठीवर तशीच चिप असते. त्याहून पुढे जाण्याआधी पत्रकातली मर्यादा पाहावी. मुराताच्या दहा मिलिमीटरच्या डब्याला वीस व्होल्टच्या पुढे नेणे बरोबर नाही. डब्यावर कायमचा एकदिश दाबही राहू देऊ नये, त्याने सिरॅमिकची ताकद हळूहळू जाते. मालिकेत कपॅसिटर घातला की प्रश्न मिटतो. डाग देताना दोन-तीन सेकंदांत हात काढून घ्यावा, कारण उष्णता पायातून थेट चकतीपर्यंत आणि त्या शंकूच्या गोंदापर्यंत पोचते. आणि दोन हाकांमध्ये किमान ६० मिलिसेकंद जाऊ द्यावेत, नाहीतर आधीच्या हाकेचा दूरच्या भिंतीवरून रेंगाळत आलेला प्रतिध्वनी पुढच्या मापात जवळची वस्तू म्हणून नोंदला जातो.